माती गेली तिथं येळवस

सरजाबाईला गावात कोणी सहज काही विचारत नाही, कारण ती कशाचंच सरळ उत्तर देत नाही. "जेवण झालं का?" म्हणावं, तर "का, वाढायला आलास का?" असं ऐकून घ्यावं लागतं. पालमहून येणारी एसटी ज्या गावात पाराला वळसा घालून परत फिरते, त्या गावात शहाणीसुरती माणसं तिला लांबूनच राम राम करतात. ती बोलायला लागली की पारावरचे पुढारीसुद्धा तंबाखू चोळता चोळता थांबतात, आणि तिला हे पक्कं ठाऊक आहे.

नवरा मुंजाजी तरणाबांड गेला. पोरगी राजेश्री तेव्हा अंगणवाडीतसुद्धा जात नव्हती. माहेरच्यांनी न्यायला गाडी आणली होती. सरजाबाईनं गाडीवानाला पाणी पाजलं, बैलांना वैरण टाकली आणि गाडी रिकामी परत पाठवली. तेव्हापासून ती आणि ओढ्याकाठचं तिचं रान. रान मुंजाजीनं खडकाळ घेतलं होतं. सरजाबाईनं उन्हाळ्या-उन्हाळ्यात दगड वेचले, तळ्यातला गाळ आणून टाकला, बांध घातले. एवढी वर्षं ती हेच करत आली. राजेश्री शिकली, परभणीला दिली, तिला लेकरं झाली, तरी सरजाबाईचा मुक्काम आखाड्यावरच, म्हणजे रानातल्या त्या दोन पत्र्यांच्या खोलीत. पोरगी म्हणायची, इकडं ये. ही म्हणायची, तिथं मी पाय कुठं टेकवू, फरशीवर?

या रानात तिची येळवस व्हायची. मार्गशीर्षाच्या अमावस्येला आपल्याकडं सगळं गाव रानात जाऊन जेवतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, तेच पांडव. त्यांना निवद दाखवायचा, पिकावर आंबील शिंपडत बांधाबांधानं फिरायचं, आणि मग जो दिसेल त्याला हाक मारून पंगतीला बसवायचं. एक नियम मात्र कडक. त्या दिवशी रानाच्या मालकानं जे पुढं केलं त्याला नाही म्हणायचं नाही. मुंजाजीचं आणि शेजारच्या बांधकऱ्याचं एकदा बांधावरून काठ्या निघेपर्यंत वाजलं होतं. दुसऱ्या दिवशी येळवस आली. दोघांनी एकमेकांना हाक मारली, दोघंही दातओठ खात एकमेकांकडं जेवले, वर भज्जीचा डबाही घरी नेला, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा काठ्या काढल्या. सरजाबाई ही गोष्ट हसून हसून सांगते, पण नियम मोडलेला तिनं कधी ऐकून घेतला नाही.

तर यंदा नवरात्र बसायच्या तोंडावर ओढा फुटला.

फटफटत होतं तेव्हा पाणी आखाड्याच्या उंबऱ्याला लागलं, आणि चहाचं पातेलं चुलीवर ठेवायला ती वळली तोवर गुडघ्याला. गावाकडची वाट बुडालेली. दीर दत्तराव गावातल्या माळवदावरून हाका मारत होता, पण मधे पाणीच पाणी. पोहोचला तो पलीकडच्या वस्तीतला सिद्धोधन, कमरेला दोर आणि काखेत ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन. सरजाबाई त्याच्यावर खेकसली की आधी गाय सोड. त्यानं दावं तोडून गाय सोडली, तिला वाट दावली, आणि मग सरजाबाईला ट्यूबवर घालून ओढत वस्तीवर नेलं. वाटेत ती त्याला दोर नीट धरायला शिकवत होती, असं तो अजून सांगतो.

वस्तीच्या विहारात ती राहिली, पाणी उतरून वाट मोकळी होईपर्यंत. सिद्धोधनची आई दगडाबाई तिला पिठलं-भाकर करून घालायची. ही दगडाबाई तीस-एक वर्षं सरजाबाईच्या रानात खुरपायला आलेली. येळवशीला सरजाबाई तिला भरभरून वाढायची, कधी हात आखडला नाही. पण दगडाबाई आपली भगुणी घेऊन कोपीपासून जरा लांब, बाभळीखाली बसायची. कोणी बसवलं नव्हतं, कोणी उठवलंही नव्हतं. विहारात मात्र दगडाबाईनं तिला आपल्या शेजारी बसवलं आणि आपल्याच ताटातली भाकर मोडून दिली. सरजाबाईला बाभळ आठवली. ती काही बोलली नाही, आणि बोलली नाही हेच तिच्या मानानं फार झालं.

पाणी उतरल्यावर ती रान बघायला गेली, तर रान नव्हतं. वरची सगळी काळी माती खरडून गेली होती आणि खाली गोटे उघडे पडले होते, पांढरे, गुळगुळीत, नजर जाईल तिथवर. आयुष्यभर वेचून टाकले त्यापेक्षा जास्त दगड पुरानं एका सकाळी आणून ओतले होते. पांडवांचे पाच दगडही वाहून गेलेले. ती तिथंच मटकन बसली आणि मोठ्यानं रडली. मग नाक पुसून, पंचनाम्याला आलेल्या माणसाला म्हणाली, "लिवा, पाच दगड गेले, पाच लाख आले."

माती कुठं गेली ते सगळ्या गावाला दिसत होतं. ओढ्याच्या खालच्या वळणावर, गायरानाच्या खोलगट कोपऱ्यात सिद्धोधनचा तुकडा होता. बापाच्या काळापासून कसत आलेला, पण निव्वळ मुरूम. हुलगे सोडून काही पिकायचं नाही. आता त्या मुरमावर कंबरभर काळा गाळ बसला होता. सरजाबाईनं मूठभर उचलला, बोटांत चोळला. आपलीच.

सिद्धोधन त्याच दिवशी तिच्यापुढं येऊन उभा राहिला होता. "सरजामाय, माती तुमची हाय. तुमी सांगाल तसं." ती काही म्हणाली नाही. तिला म्हणायचं होतं, ने उचलून, घाल माझ्या रानात. आणि तिला हेही म्हणायचं होतं, की तू मला उचलून आणलंस, आता माती कसली मागू? त्यानं काही दिवस वाट पाहिली. मग वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून जाईल म्हणून हरभरा टाकला. यंदा अख्ख्या ओढ्याकाठी हिरवं म्हणून काही होतं तर तेवढंच.

इथं दत्तरावाचा तोल गेला. माणूस वाईट नव्हता. वहिनीच्या भल्यासाठीच भांडत होता, म्हणून तर त्याच्याशी भांडणं अवघड होतं. "वैनी, न इचारता पेरलं त्यानं. आपली माती हाय. मी लोडर लावतो, ट्रॉल्या लावतो, दोन दिसांत तुमच्या रानात आणून टाकतो. तुमी फकस्त हो म्हणा."

"त्याचा हरभरा?"

"हरभऱ्याला काय पुजायचं हाय का?"

सरजाबाई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. खरं सांगायचं तर तिला ती माती हवी होती. अंथरुणाला पाठ टेकली की ती मनातल्या मनात ट्रॉल्या मोजायची. सकाळी गाईच्या गळ्यातलं ते तोडलेलं दावं दिसलं की तिला स्वतःची लाज वाटायची. असे जवळजवळ तीन महिने गेले. सरजाबाईला एवढे दिवस कशाचाच निकाल लावता आला नाही, हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

येळवस जवळ आली तशी मारुतीच्या पारावर माणसं जमली. ठरलं असं की यंदा येळवस करायची नाही. रानं खरडून गेलीत, कोप कुठं घालायची, भज्जीला शेंग नाही की दाणा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. वाईट वाटलं की माणसं फार लवकर एकमत होतात.

सरजाबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती. ती घागर तिनं पाराच्या कट्ट्यावर ठेवली, म्हणजे आता हे आटपणार नाही हे सगळ्यांना कळलं.

"कोण मेलंय?" तिनं विचारलं.

तंबाखू चोळणारे हात थांबले.

"न्हाई, सुतक पाळायलाय म्हून इचारते. पाणी आलं तवा इथला एक तरी जीव गेला का? जनावरं गेली, माती गेली, पर आमी हाव ना? मंग आबाळापुढं तोंड लपवून बसायचं का? त्यानं नेलं तेवढं नेलं. वर माझी येळवस बी नेऊ देऊ व्हय त्याला?"

"अहो पर सरजाबाई, कुठं करणार? तुमच्या रानात तर गोटेच हायती," एकजण म्हणाला.

"माझी माती जिथं हाय तिथं करीन," ती म्हणाली आणि घागर उचलून निघाली.

पारावर कुजबुज झाली. दत्तराव खूश झाला. त्याला वाटलं, वहिनीनं शेवटी मन पक्कं केलं. पांडव मांडले की मातीवर हक्क लागला, मग लोडर लावायला कोण अडवतंय. गावालाही तसंच वाटलं. आणि खरं म्हणजे सरजाबाईलाही नेमकं काय करायचंय ते कुठं कळलं होतं? तोंडातून निघून गेलं होतं. पण तोंडातून गेलेलं मागं घ्यायची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती वस्तीवर गेली. दगडाबाई दारात तूर पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही.

"माती मागायला आलीस?" दगडाबाईनं विचारलं.

"जेवायला बोलवायला आले." मग सरजाबाई अडखळली. "न्हाई. बोलवून घ्यायला आले. येळवस तुझ्या रानात करू म्हणते."

सूप थांबलं. "आमी पांडव पुजत न्हाई, सरजा. तुला म्हायती हाय."

"तुमी नका पुजू. मी पुजीन, तुमी जेवा. सैपाक माझा, रान तुमचं."

दगडाबाईनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. तीस वर्षं खाली मान घालून खुरपणारी बाई अशी रोखून बघते हे सरजाबाईला नवीन होतं.

"करू," दगडाबाई म्हणाली. "पर वाढणार मी. सगळ्यास्नी. तुझ्या गावाला चालत आसंल तर ये."

"गावाच्या बापाला चालंल," सरजाबाई म्हणाली, आणि सूप ओढून घेऊन तूर पाखडायला बसली.

मग दोन दिवस तिच्या आखाड्यावर चूल विझली नाही. वाचलेल्या गाईच्या ताकात ज्वारीचं पीठ कालवून, लसूण ठेचून आंबील केली आणि नव्या बिंदग्यात, मातीच्या मडक्यात, भरून झाकून ठेवली. बाजरीचे उंडे वाफवले, गव्हाची खीर केली. भज्जी म्हणजे आपल्याकडची ती बेसनात शिजवलेली सगळ्या रानाची मिसळ. तिला दगडाबाईची तूर, सिद्धोधनच्या हरभऱ्याचे खुडलेले शेंडे, आणि बांधावरच्या बोरीनं पुराला न जुमानता धरलेली बोरं. राजेश्री परभणीहून फोनवर म्हणाली, आई, एवढं सगळं कशासाठी? सरजाबाई म्हणाली, "पुराला दावायला."

येळवशीला तिनं आपल्या गोट्यांच्या रानातून पाच गोटे निवडले. चांगले गोल, हाताला भरतील असे. "जास्तीचे झालेच हायत तर कामाला लावू," म्हणत चुन्यानं रंगवले. सिद्धोधनच्या तुकड्यात हरभऱ्याच्या कडेला कोप उभी केली, पांडव मांडले, निवद दाखवला. दगडाबाई आणि वस्तीतली माणसं थोडी अलीकडं उभी होती. त्यांनी हात जोडले नाहीत आणि सरजाबाईनंही तिकडं पाहिलं नाही.

गाव आलं. यायचं नाही म्हणून ठरवलेलं गावसुद्धा आलं. काही भुकेनं, काही तमाशा बघायला. दत्तराव ट्रॅक्टर घेऊनच आला, पुढं लोडर लावलेला, आणि बांधावर तो उभा करून खाली उतरला. सगळे सरजाबाईकडं बघायला लागले. आता फक्त आंबील शिंपडत रान फिरायचं राहिलं होतं. जो फिरतो तो मालक, हे लहान पोरालाही कळतं.

सरजाबाईनं बिंदग्यातून तांब्या भरला. पायाखाली माती मऊ होती, ओलसर होती, तिची होती. दगड वेचता वेचता नखं गेली होती ती हिच्यासाठी. एक पाऊल टाकलं असतं तर कोणी शब्दानं बोललं नसतं, सिद्धोधन तर मुळीच नाही. तो खाली बघत उभा होता. कोणी मारण्याआधीच अंग चोरून उभं राहावं तसा. पाण्यातून तिला ओढत नेणारा तो पोरगा असा उभा राहिलेला तिला बघवेना. तिला त्याचा नाही, स्वतःचा भयंकर राग आला. तीन महिने आपण गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याखाली हा माणूस असा वाकत गेला.

"सिद्धोधना, हिकडं ये. धर."

"मी?"

"रान कुणाचं?"

"सरजामाय, ते तर तुमीच सांगायचं हाय."

"मंग सांगायलेच ना आता! ज्याचं रान त्यानं शिंपायचं. पूजा म्हून नगं शिंपू. बांध कुठून कुठवर हाय तेवढं गावाला दाव. ताठ चाल."

त्यानं आईकडं पाहिलं. दगडाबाईनं मान हलवली. सिद्धोधननं चपला काढल्या, तांब्या घेतला आणि निघाला. पाच-सहा पावलं हळू टाकली, मग त्याची मान वर आली. हरभऱ्यावर आंबिलीचे पांढरे थेंब पडत गेले. ती तोंड घट्ट मिटून उभी राहिली, आणि डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर गावाला कळलं असतं.

"वैनी, काय केलं हे?" दत्तराव जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला. "येड लागलं का?"

"माती पुरानं नेली, भावजी. ह्यानं न्हाई नेली. ह्यानं मला आणलं. मी पुराशी भांडीन, ह्याच्याशी काहून भांडू?"

सिद्धोधन फेरा पुरा करून आला. आता मालकानं हाक मारायची होती. त्याच्या घराण्यात आजवर कोणी येळवशीची हाक मारली नव्हती. ऐकली मात्र दरवर्षी होती, बाभळीखालून. त्यानं घसा खाकरला.

"दत्तरावकाका, या. जेवायला या."

सगळ्या शिवारात नेमकी हीच हाक पहिली. दत्तराव ट्रॅक्टरकडं वळला होता, तसाच थांबला. येळवशीची हाक. मुंजाजीनं काठी खाली ठेवून ऐकली होती ती. दत्तरावानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, टोपी काढून झटकली, परत घातली, आणि येऊन पंगतीत मांडी घातली. त्याच्या मागोमाग गाव बसलं. वस्ती बसली. एकच ओळ झाली, कारण हरभरा तुडवायचा नव्हता आणि दुसऱ्या ओळीला जागाच नव्हती.

दगडाबाई पातेलं घेऊन वाढायला निघाली. ओळीत दोघंचौघं चुळबुळले. एकानं पाय दुखतोय म्हणून उठायचं मनात आणलं. सरजाबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "बस. आंबील पी, पाय दुखायचा राहतो." तो बसला. दत्तरावाच्या ताटात दगडाबाईनं भज्जीचा भरगच्च पळा टाकला. त्यानं पहिला घास कर्तव्य म्हणून घेतला, दुसरा भुकेनं, आणि तिसऱ्यानंतर "उंडा हाय का आणखी?" म्हणून विचारलं.

दोघी म्हाताऱ्या शेवटी शेजारी शेजारी बसल्या. सरजाबाईनं ताटात हात घातला, तोच सिद्धोधन पुढं येऊन उभा राहिला.

"सरजामाय, रान माझं झालं ना? सगळ्या गावापुढं?"

"कितींदा सांगू? झालं. कागद लिवून देऊ का?"

"न्हाई. मंग माझ्या रानातलं मी कुणाला बी देईन. कुणी आडवायचं काम न्हाई." त्यानं एक दम घेतला. "हरभरा निगाला की निम्मी माती तुमच्या रानात टाकायची. दत्तरावकाकांचा लोडर हायच."

सरजाबाईचा घास हातातच राहिला. "मला नगं! दिलेलं परत घेणारी मी न्हाई."

"परत कुठं? मी द्यायलोय. माझ्या रानातलं." आता तो हसत होता. "आन् आज येळवस हाय, सरजामाय. मालकानं पुढं केलं त्याला न्हाई म्हणता येत न्हाई."

मग दत्तराव खो खो हसत सुटला, त्याच्या नाकात आंबील गेली, आणि मग सगळी ओळच हसायला लागली. सरजाबाईनं उत्तरासाठी तोंड उघडलं. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच उत्तर आलं नाही. तिनं हिरव्या हरभऱ्याकडं पाहिलं, लांब तिच्या पांढऱ्या गोट्यांच्या रानाकडं पाहिलं, पुन्हा तोंड उघडलं.

दगडाबाईनं तिच्या ताटात खिरीचा पळा ओतला. "गप जेव," ती म्हणाली.

आणि सरजाबाई गप जेवली.